पेटी कोणी उचलायची

मी पुण्याला निघाले त्या सकाळी माझी बॅग कोणी उचलली नाही. गावाकडच्यांनो, हा टोमणा नाही. पण इथून सुरुवात केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आपल्या साताऱ्याकडच्या गावात घरोघरी फौजी. सुट्टी संपवून जवान निघाला की त्याची काळी पेटी एस.टी.पर्यंत न्यायची ती दुसऱ्या फौजी घरातल्या कोणीतरी. घरच्यांनी तिला हात लावायचा नाही. "घरच्यांनी उचलली तर घरानंच घालवून दिल्यागत हुतंय," असं आई सांगायची. मला ती पेटी उचलायची फार हौस होती, पण ते मिरवणं पोरांचं.

मी निघाले होते रक्त तपासायच्या लॅबमधल्या नोकरीला. मुलीची कसली पेटी? माझी निळी बॅग होती आणि तिचं एक चाक फाट्याच्या आधीच निखळलं. आप्पा, म्हणजे माझे निवृत्त हवालदार वडील, हात मागे बांधून शेजारून चालत होते. वेशीपाशी थांबले, मागे वळून रस्त्याकडे बघत राहिले, पुन्हा चालू लागले. मी बॅग ओढत घामाघूम झाले तरी त्यांनी हात लावला नाही. एस.टी. हलली तेव्हा "पोचलीस की फोन कर" एवढंच म्हणाले. माझं जाणं त्यांना पसंत नाही, असं मी मनात धरलं आणि ते बोचणं घेऊनच पुण्यात उतरले.

गावात ओळख म्हणून वडिलांची पलटण सांगितली की पुरे होतं. सदाशिव पेठेत घरमालक जोशीकाकांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी आहे का? नाही? मग जमेल आपलं." काही महिन्यांनी त्यांना कळलं की मी हवालदाराची मुलगी. त्यांचेही वडील सैन्यात कारकून होते. "त्यांनी बंदुकीनं कुणाला गारद केलं नाही, नियमावलीनं मात्र पुष्कळांना केलं," असं काका आजही अभिमानाने सांगतात.

तेच मला पहिल्यांदा स्वारगेटच्या एस.टी. स्टँडवर, तिथे मदतीला उभ्या राहणाऱ्या त्यांच्या गटात घेऊन गेले. आम्ही सगळी फौजींची मुलं-नातवंडं. गावांकडून दवाखान्यासाठी येणारे माजी सैनिक, सैनिकांच्या विधवा यांना स्टँडवर उतरवून घ्यायचं, केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, डॉक्टर 'फॉलोअप' म्हणाले की 'परत बोलावलंय' असं समजावून सांगायचं. सगळ्यात अवघड काम म्हणजे हातातलं सामान सोडवून घेणं. म्हातारा सुभेदार काठी टेकत चालेल, पण पिशवी देणार नाही. मग आमचा इम्तियाज, ज्याचे आजोबा फौजेत ड्रायव्हर होते, ताठ उभा राहून म्हणतो, "साहेब, ऑर्डर आहे." आणि पिशवी सुटते. मी पहिल्यांदा एका आजींची पत्र्याची ट्रंक उचलली, तेव्हा खांदा दुखेपर्यंत खाली ठेवली नाही. लहानपणची हौस फिटली होती.

मागच्या महिन्यात आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच राहायला आले. पट्टी निघाल्यावर काळा चष्मा लावून रोज माझ्याबरोबर स्टँडवर यायला लागले. बाकावर बसून प्रत्येक म्हाताऱ्याला पलटण विचारायचे. एका सकाळी मी कोणाची तरी बॅग रिक्षात ठेवून परत आले, तर त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि समोर बघतच बोलायला लागले.

"आदल्या दिवशी चार घरी सांगून आलो हुतो. पोरगी निघालीया म्हनलं. वेशीपाशी बघत हुतो कुनी येतंय का." चष्मा सारखा करत म्हणाले, "मी उचलली असती, तर घरानं घालवल्यागत झालं असतं. म्हनून हात लावला न्हाय."

एवढी वर्षं ज्याला मी नाराजी समजले, तो माझा मान होता. गावानं नाही तर निदान घरानं पाळलेला. ती चार घरं कोणाची हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हा तुम्ही निर्धास्त असा. तुमच्यापैकी कोणीही पुण्यात दवाखान्यासाठी आलात, तर बिनधास्त कळवा. स्टँडवर आम्ही असतोच.

आप्पा परत निघाले त्या दिवशी आम्ही सगळेच स्वारगेटला गेलो. रिक्षातून उतरल्यावर त्यांची जुनी हिरवी किटबॅग उचलायला मी वाकले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"तू न्हाय. तू घरची हाईस."

इम्तियाजनं पुढे होऊन बॅग खांद्यावर घेतली. "मग मला कशाला आणलंय?" असं म्हणत जोशीकाकांनी डब्याची पिशवी घेतली. आजवर नुसतं भाडं भरत होते मी. आप्पांच्या त्या शब्दांनी पुण्यात माझं घर झालं, आणि तेही फौजीचं. आप्पा हात मागे बांधून बॅगेच्या मागे चालू लागले, तशी मीही माझे हात मागे बांधले.