दोऱ्याचं टोक

माझी बहीण अपघातात गेली, तेव्हा तिची सहा वर्षांची लेक गाडीवर मागेच बसलेली होती. तिला खरचटलंही नाही, पण तिचं बोलणं थांबलं. मी तिला नाशिकला आणलं. घरातला मी पहिला पदवीधर, पण काय करावं कळेना.

शाळेच्या वाटेवर एक बाई गजरे करत बसायच्या. सगळे भाचीला नाव विचारायचे. यांनी विचारलं नाही. दोऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं. "धर गं बाय, मला एकटीला नाय जमत. दादा, तुम्ही सरका, फुलांवर उजेड येऊ द्या."

मग आम्ही रोज थांबू लागलो. एकदा मी म्हणालो, "अजून बोलत नाही हो."

"बोलंल की. आधी हाताला काम लागू द्या."

दिवाळीनंतर एका दुपारी भाची म्हणाली, "मावशी, ही गाठ सैल आहे."

"व्हय गं," म्हणत त्यांनी गाठ आवळली. रडलो तो मीच.

परवा एकटाच तिथून जात होतो. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून बाई झरझर गजरा करत होत्या. धरायला कुणीच लागत नव्हतं. मी लांबूनच हात जोडले.