कोरडं फडकं

पॉलिशवाल्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लग्न ठरतानाच त्याने हे सांगून टाकलं होतं, आणि "मला कळतं तेवढं दोघांना पुरेल" म्हणून होणाऱ्या बायकोने विषय मिटवला होता. ती बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. सगळ्यांच्या मागे, ड्रमच्या शेजारी, जिथे दिवा जेमतेम पोचतो तिथे उभी राहून. लोक गाणारीला टाळ्या देत, ड्रमवाल्याला शिट्ट्या मारत. आपले पाय ज्या आवाजावर हलत होते तो आवाज मागच्या सावलीतून येत होता, हे एकाच्याही गावी नसे. पॉलिशवाला मात्र दुकानात खुर्चीवर पॉलिशचा हात मारता मारता समोरच्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकवायचा, "आमची मंडळी बेस वाजवते." गिऱ्हाईक बिचारं "अस्सं का" म्हणून आपली खुर्ची कधी वाळतेय याची वाट बघत बसे.

आता ही गिटार साधीसुधी नव्हती. चार जाड तारा आणि त्यांच्याखाली लांबलचक शिसवी पट्टी. तारा या पट्टीवर दाबायच्या आणि सूर काढायचे. इतरांच्या गिटारींना पट्टीवर धातूचे पडदे ठोकलेले असतात. बोट थोडं मागेपुढे पडलं तरी पडदा सांभाळून घेतो. हिची गिटार बिनपडद्याची. पट्टी सपाट, कडेला खुणेचा ठिपकासुद्धा नाही. केसभर बोट सरकलं की सगळं बेसूर. "ही वाजवायला छाती लागते," असं ड्रमवाला म्हणायचा, आणि ड्रमवाला स्वतःला सोडून दुसऱ्या कुणाचं कौतुक सहसा करत नसे.

पट्टी पुसायचं काम पॉलिशवाल्याकडे होतं, पण नियम तिचा होता. फक्त कोरडं फडकं. तेल नाही, स्पिरिट नाही, ओलं बोटसुद्धा नाही. का, ते तिने कधी सांगितलं नाही. दुसऱ्यांची टेबलं आरशासारखी करून देणाऱ्या माणसाच्या घरात वर्षानुवर्षांचा घाम आणि मळ चढलेली पट्टी नांदत होती, जागोजागी काळे डाग पडलेली. त्याचे हात शिवशिवायचे.

"लोक म्हणतील, नवरा पॉलिशवाला आणि बायकोच्या गिटारीवर ही पुटं!"

"लोक ऐकायला येतात, पट्टी बघायला नाही. तुम्ही फडकं मारा आणि गप्प बसा."

तो गप्प बसे. इतकी वर्षं बसला होता.

मग एक दिवस बँडच्या मोठ्या कार्यक्रमात तिने एकटीने अख्खी धून वाजवायची असं ठरलं. मागे नाही, पुढे, दिव्याखाली. पॉलिशवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दिव्याखाली म्हणजे सगळ्यांना दिसणार. सगळ्यांना दिसणार म्हणजे पट्टीही दिसणार. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती हॉलवर व्यवस्था बघायला गेली, आणि याने दार लावून घेतलं.

काम त्याने मन लावून केलं, यात वाद नाही. तारा सैल करून काढल्या, क्रमाने मांडून ठेवल्या. तारांखालच्या लोहचुंबकांना घासताना उडणारी लोखंडाची भुकटी चिकटू नये म्हणून त्यांच्यावर कागदी पट्टी लावली. मग अगदी बारीक स्टील वूल, म्हणजे लोखंडी तारांचा मऊ गुंता, घेऊन लाकडाच्या रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने, मळाचा एकेक थर उतरवला. खालून असं गडद, तांबूस शिसव निघालं की त्याला स्वतःशीच हसू फुटलं. जवसाच्या तेलाचे चार थेंब चिंधीवर घेऊन चोळले, जास्तीचं लगेच पुसून काढलं, वाळू दिलं, तारा परत चढवल्या. वस्तू जन्मली तेव्हाही इतकी देखणी नसेल.

दुपारी ती आली. गिटार बघितली आणि मटकन खुर्चीत बसली.

"अहो, हे काय केलंत?"

"साफ केली. कशी दिसतेय?"

"डाग कुठे गेले?"

"घालवले की! चांगले हट्टी होते."

तिने गिटार मांडीवर घेतली, तारा जुळवल्या, धून सुरू केली. तिसऱ्याच सुराला बोट चुकलं. परत सुरू केली, परत चुकलं. मग तिने हात खाली टाकले.

"त्या डागांकडे बघून वाजवत होते मी," ती म्हणाली. "हा डाग म्हणजे हा सूर, तो म्हणजे तो. ड्रमवाला म्हणतो छाती लागते. कसली छाती! मळ बघून वाजवणारी बाई मी. लाज वाटायची, म्हणून तुम्हालासुद्धा बोलले नाही. आज सगळ्यांसमोर काय करू?"

पॉलिशवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या हौसेपायी आपण बायकोचा रस्ताच पुसून टाकला, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने सवयीने डोळे मिटले आणि तारांच्या मधून तर्जनी घालून पट्टीवर फिरवली. पॉलिश सारखं बसलं की नाही, हे तो दुकानातही डोळ्यांनी बघत नसे.

"तुझं बोट दे," तो म्हणाला.

"आता काय आणखी?"

"दे तर. डोळे मीट. इथे. लागतंय का काही?"

तिचं बोट लाकडावर थांबलं. तिथे अगदी पुसट खळगा होता.

"तारेने लाकूड झिजलंय. मळ वरवरचा, तो गेला. खळगे तुझे आहेत, ते मी घासले नाहीत. घासायला पट्टीच पातळ करावी लागली असती." त्याने तिचं बोट पुढे नेलं. "हा दुसरा. हा उथळ आहे, इथे तू टेकतेस आणि निघतेस. आणि हा वरचा बघ. सगळ्यात खोल. इथे तू फार थांबतेस."

"तुम्हाला काय माहीत मी कुठे थांबते?"

"इतकी वर्षं फडकं कोण मारतंय?"

तिने डोळे न उघडता वाजवायला सुरुवात केली. आधी अडखळली, मग सावरली. दुपारभर ती वाजवत राहिली आणि तो समोर बसून राहिला.

संध्याकाळी हॉल भरला होता. पॉलिशवाला पुढच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, शेजारी एक अनोळखी गृहस्थ. ती पुढे आली, दिव्याखाली उभी राहिली, डोळे मिटले. मागे ड्रमवाल्याने काड्या मांडीवर ठेवल्या.

ती वाजवू लागली, आणि पॉलिशवाल्याचं बोट खुर्चीच्या दांड्यावर आपोआप फिरायला लागलं. हा पहिला. हा दुसरा, उथळवाला. जन्मात पहिल्यांदा त्याला गाणं कळत होतं. पुढचा सूर कुठे आहे हे तो यायच्या आधीच त्याला ठाऊक होतं. तिचा हात पट्टीवरून वर सरकू लागला तसा तो खुर्चीत पुढे सरकला.

"आता थांबेल बघा," तो शेजारच्या गृहस्थांना म्हणाला, जरा मोठ्यानेच.

ती थांबली. सूर लांबला, खोल गेला. सगळा हॉल श्वास रोखून बसला होता.

"तुम्हाला गाण्यातलं बरंच कळतं वाटतं," गृहस्थ कुजबुजले.

"ओ की ठो कळत नाही," पॉलिशवाला ताठ बसून म्हणाला. "पण वाजवणारी मला पाठ आहे."