हंगामात उघडं राहिलेलं घर

दसरा झाल्यावर त्या सकाळी चकलांबा फाट्यावर आम्ही तिघं सामान घेऊन उभे होतो, पण जायचं होतं दोन दिशांना. आई आणि वडील, म्हणजे आमचे दादा, ट्रकनं कोल्हापूरकडं ऊसतोडीला, मी एसटीनं गेवराईला आणि तिथून पुण्याला. ट्रक आधी आला. पत्र्याची पेटी, भांड्यांचं पोतं, एक शेळी वर चढली. दादांनी हात देऊन आईला वर ओढलं आणि मला म्हणाले, "नंदे, लागंल ते काम कर, पर उसात येऊ नको." आई म्हणाली, "पंख्याखाली बसायचं काम बघ, माय." ट्रक गेला आणि मी फाट्यावरच्या दगडावर बसून रडले. गावातलं घर कुलपात होतं, त्यामुळं मागं फिरायचीही सोय नव्हती.

त्याच्या आदल्या हंगामात मी आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याच्या काट्यावर कंप्युटर ऑपरेटर होते. उसाची गाडी आली की भरलेलं वजन घ्यायचं, रिकामी होऊन परतली की पुन्हा घ्यायचं, आणि पावती फाडून द्यायची. ऊसतोड्याची पोरगी एवढ्या मोठ्या खोलीत खुर्चीवर बसते, याचं मलाच फार अप्रूप होतं. सभासद शेतकरी खिडकीतून मॅडम म्हणायचे. मग पाऊस रुसला. उसाची चिपाडं झाली, ती जनावरांच्या छावणीत गेली, आणि कारखान्यानं त्या वर्षी बॉयलरच पेटवला नाही. कारखाना सभासदांचा होता, पण ठराव करून पाणी थोडंच येतं? माझी खुर्ची गेली.

गावाकडची मुलंमुली आता फोन करून विचारतात, ताई, आयटीत तुम्ही एवढी कामं बदलली, त्यातून काय शिकलात ते आम्हाला सांगा. त्यांना काहीतरी उभारी देणारं ऐकायचं असतं. यंदा माझ्याकडं तसलं काही नाही. जे आहे ते सांगते.

पुण्यात पहिलं काम डेटा एन्ट्रीचं. मग हेल्पडेस्क, म्हणजे कानाला हेडफोन लावून लोकांची इंग्रजीतली बोलणी खायची आणि सॉरी म्हणायचं. मग टेस्टिंग. दुसऱ्यानं केलेलं सॉफ्टवेअर कुठं फसेल ते शोधायचं. तिथं माझा जीव रमला. आमच्या घराण्यात संशयी स्वभाव सगळ्यांचाच, त्याचा पगार फक्त मला मिळाला. मग टीम लीड आणि शेवटी मॅनेजर.

दर वेळी वाटायचं, आपण एक पायरी वर चढलो. पण दर वेळी मी वर्गातली सर्वांत ढ मुलगी व्हायचे. नव्या कामात पहिले काही महिने मी गप्प राहायचे, कारण विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल ही भीती. पोरांनो, तेव्हाच विचारून घ्या. नंतर विचारायला जास्त लाज वाटते. दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. मॅनेजर झालं की हातातलं काम सुटतं. मीटिंगा घेता घेता मी टेस्ट लिहायचं विसरले. नवी साधनं आली, ती माझ्या हाताखालच्या पोरांनी शिकून घेतली. मी त्यांची फक्त नावं पाठ केली.

मॅनेजर झाले तेव्हा दादांना फोन केला होता. "म्हंजी करतीस काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, माणसं गोळा करायची, त्यांना काम वाटून द्यायचं, आणि काम झालं नाही की वरच्यांना तोंड द्यायचं. दादा म्हणाले, "म्हंजी मुकादम झालीस की." मला हसू आलं. त्यांना आलं नाही. ज्यानं उचल देऊन टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हाकेवर उभी हयात उसाच्या फडात काढली, त्याला लेकीची ही बढती कशी गोड लागणार? गावात कुणी विचारलं तर ते एवढंच सांगायचे, "पोरगी कंप्युटरवर हाय."

पण त्याच मुकादमकीच्या पगारावर मी त्यांचा कोयता सोडवला. आमच्याकडं ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. पहिल्या वर्षी दसऱ्यानंतर अर्धं गाव रिकामं झालं, दारोदार कुलपं लागली, आणि आमच्या घरातून चुलीचा धूर निघत होता. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या दोघांनी आपल्या गावातला हिवाळा पाहिला. आई फोनवर सांगायची, "आपल्या बोरीला लई बोरं लागत्यात गं, मला म्हाईतच नव्हतं."

यंदा कंपनीनं ठरवलं की मधले मॅनेजर नकोत. दोन महिन्यांत कंपनीतच दुसरी जागा शोधा, नाहीतर नमस्कार. मी एकटी राहते, घरात दुसरा पगार नाही. गावाकडं पुन्हा पाऊस नाही, रानात पेरलेलं उगवलंच नाही. मी मुलाखती देत फिरले. प्रत्येक ठिकाणी समोरचे विचारायचे, स्वतःच्या हातानं शेवटचं काम कधी केलं? मी मीटिंगांचं सांगत बसायचे. शेवटी एका टीममध्ये टेस्टरची जागा निघाली. त्या टीमची प्रमुख तन्वी, जिला मीच हे काम शिकवलं होतं. ती संकोचून म्हणाली, "मॅडम, लेव्हल खालची आहे, चालेल तुम्हाला?" विचार करून सांगते, म्हणाले. विचार कसला, अपमान घशाखाली उतरत नव्हता.

त्या आठवड्यात दादांना सांगून टाकलं, "दादा, मुकादमकी गेली." ते म्हणाले, "जाऊंदे. जेवलीस का?" मला वाटलं, त्यांना नीट समजलं नसावं.

दोन-तीन दिवसांनी आईचा फोन आला. आवाज दबका.

"नंदे, तुझे दादा मुकादमाकडं गेलते. औंदा कोयता धरतो म्हणले."

"या वयात? कावून?"

"पोरीच्या डोक्यावर वज्जं नको म्हणले. एकट्याला अर्धा कोयताच म्हणत्यात, म्हणून मीबी येते म्हणलं."

"मुकादम काय म्हणला?"

"ह्यांचे गुडघे बघून हसला. पर माणसं कमी पडली तर सांगतो म्हणला."

मी फोन ठेवला आणि जमिनीवर बसले. दादांना सगळं समजलं होतं, माझ्याही आधी. सकाळी ऑफिस उघडताच तन्वीकडं गेले आणि हो म्हणाले.

आता मी तिच्या हाताखाली आहे. नवं साधन मला येत नाही. साधी टेस्ट चालवताना बोटं चुकतात आणि शेजारचा पोरगा न विचारता दुरुस्त करून देतो. सहा महिने सांभाळून घेतील, मग बघतील, असं बोलणं झालंय. दादांना फोन केला.

"दादा, काम मिळालं. जुनंच, तपासायचं. माझ्याहून लहान मुलीच्या हाताखाली."

"टिकंल का?"

"टिकवते. तुम्ही मुकादमाला नाही म्हणून सांगा."

पलीकडं आई काहीतरी पुटपुटली. मग दादा म्हणाले, "आत्ताच न्हाई सांगत. दसऱ्यापस्तोर बघू."

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले पुष्कळ जण म्हणतात, घर म्हणजे जिथं कधीही परत जाता येतं. माझं तसं नाही. मी पगार सोडून परत गेले तर त्या दोघांना ऊसतोडीला निघावं लागेल. माझ्यासाठी आता घर म्हणजे एवढंच, की दसऱ्यानंतर त्या दाराला कुलूप नसावं. म्हणून रोज सकाळी मी तन्वीच्या टेबलाशी जाऊन उभी राहते आणि विचारते, आज काय तपासू?