कानाला लावायची काठी

तार वसतिगृहावर आली तेव्हा मी जेवायला बसलो होतो. मूल गावचे माझे मामा तापाने गेले होते. त्याला तीन आठवडे झाले. लिहावं की नाही, असं करत आज लिहितो आहे...

मामा भाताच्या गिरणीत मशीन चालवत. हातभर सागाच्या काठीचं एक टोक यंत्राला आणि दुसरं डाव्या कानाला लावून ते कुठलं बेअरिंग घासतंय हे ओळखत. मग त्याच कानात सतत गुणगुण सुरू झाली, चक्कर येऊ लागली. एकदा ते चालत्या पट्ट्यापासून दोन पावलांवर कोसळले.

मी त्यांना नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. घरात इंग्रजी समजणारा मी एकटाच. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग काढला तर चक्कर थांबेल, पण त्या कानाचं ऐकणं कायमचं जाईल, काही महिने चालताना झोक जाईल, क्वचित चेहऱ्याची नसही दुखावते, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "का म्हनते डॉक्टर?" मी बाकी सगळं सांगितलं. ऐकण्याचं मात्र... "थोडं कमी होईल," म्हणालो. खरं कळलं तर ते ऑपरेशन करणार नाहीत आणि एक दिवस पट्ट्यात सापडतील, ही मला भीती होती.

"आठ दिवसानं येतो," म्हणून मामा मूलला गेले, आणि ऑपरेशनला आलेही.

चक्कर थांबली. पुढे काही महिने ते धानाच्या बांधावरून दोन्ही हात पसरून चालत. हमाल चिडवायचे, तर म्हणायचे, "शिव्या डाव्या बाजूनं द्या रे, मले चालते." काठी आता उजव्या कानाला लागायची. तीन वर्षं मी माझं खोटं गिळून होतो.

तेराव्याला मामीला सांगून टाकलं. ती हसली.

"त्याईले तवाच समजलं होतं बापू. खोटं बोलतानी तू चष्मा पुसतं म्हने. ते आठ दिवस डाव्या कानात कापूस कोंबून गिरणीत जात होते. उजव्या कानानं काम जमते का पाह्यलं, मंगच गेले."

"मंग मले काऊन नाई बोलले?"

"तुले वाईट वाटन म्हनून."

काठी मामीने मला दिली. कानाकडचं टोक झिजून गुळगुळीत झालं आहे. अभ्यास संपला की मी ती टेबलावरच्या घड्याळाला लावतो, टिकटिक अगदी जवळ येते. माझा डावा कान चांगला आहे, तरी मी ती उजव्याच कानाला लावतो.