रक्त चढवताना उठलेलं पित्त

कुवेतमधल्या मिरकाब भागात आमचं ऑफिस आहे, तिथं मी हिशेब बघते. त्या उन्हाळ्यात खुर्चीतून उठून प्रिंटरपर्यंत गेले तरी मला धाप लागायची. गर्भाशयात गाठी होत्या, पाळीत रक्त अतोनात जायचं. पण ऑडिट डोक्यावर होतं आणि बायकांना हे असायचंच, अशी माझी समजूत. शेवटी एका सकाळी गाडीत बसतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली. नवऱ्यानं ऑफिसऐवजी थेट हॉस्पिटल गाठलं.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली. "हिमोग्लोबिन सहाच्याही खाली आलंय. इथवर चालत आलात कशा?" गाठींचं पुढे बघू, आधी रक्ताच्या दोन पिशव्या चढवायला हव्यात, असं त्या म्हणाल्या.

नवरा लगेच बाह्या सरसावून उभा. "माझं घ्या. आमचा गट एकच आहे."

वॉर्डातली सिस्टर केरळची होती. ती हसली आणि हिंदीत म्हणाली, "ऐसे सीधा नहीं देते, साहब." रक्त ब्लड बँकेतून येतं, आजारांसाठी तपासलेलं असतं. शिवाय गट एक असला तरी माझ्या रक्ताशी ते जुळवून बघतात, मगच पिशवी वर येते. "आपको देना है तो जाके दीजिए, किसी और के काम आएगा." तिनं माझ्या रक्ताची नळी भरली आणि मनगटावर नावाची पट्टी बांधली.

साताऱ्याहून आईचा फोन आला. "परक्याचं रक्त कशाला गं? बीट खा, खजूर खा. तिकडं तर खजुराला तोटा नाही."

"आई, खजुराला महिने लागतील. माझ्यात आता तेवढा दम नाही," मी म्हटलं. बोलता बोलताच दमले. आईला ते ऐकू गेलं असावं. ती म्हणाली, "बरं, घे बाई."

खरं सांगायचं तर भीती मलाही वाटत होती. संमतीचा कागद मी दोनदा वाचून मगच सही केली. दुपारी पिशवी आली. मला वाटलं होतं त्यापेक्षा काळपट रंगाची. आमची सिस्टर आणि आणखी एक, अशा दोघींनी मिळून माझी पट्टी आणि पिशवीवरचं लेबल मोठ्यानं वाचून ताडून पाहिलं. माझं नाव माझ्याच तोंडून वदवून घेतलं. ताप, नाडी, ब्लडप्रेशर बघितलं. मग सुई टोचली. दुखलं तेवढंच. सुरुवातीला अगदी हळू थेंब सोडले आणि सिस्टर तिथंच उभी राहिली. थोड्या वेळानं पुन्हा ताप बघून म्हणाली, "कुछ भी लगे, ठंडी, खुजली, साँस, कमर में दर्द, तो बेल दबाना."

पिशवी अर्धी झाली असेल नसेल, तेव्हा पोटावर खाज सुटली. मग मानेवर. पाहते तर लाल गांध्या. माझ्या अंगावर लहानपणापासून पित्त उठायचं, आई आमसुलाचं पाणी लावायची. तेच हे, असं मनाशी म्हणून मी चादरीखाली खाजवत राहिले. एवढ्यासाठी कोणाला बोलवायचं?

शेजारच्या पलंगावर एक वयस्क कुवेती बाई होत्या. रक्त घ्यायला त्या नेहमी यायच्या, असं सकाळी त्यांनीच सांगितलं होतं. त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. "सिस्टर को बोलो," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. मी मानेनंच नको म्हटलं. तशी त्यांनी माझी वाट न बघता आपलीच बेल दाबली आणि सिस्टर आल्या आल्या तिला माझ्याकडे बोट दाखवलं.

सिस्टरनं आधी रक्त बंद केलं. माझा श्वास ऐकला, पट्टी आणि पिशवी पुन्हा ताडून पाहिली, डॉक्टरीणबाईंना बोलावलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. डॉक्टरीणबाई मात्र शांत होत्या. ताप नाही, श्वास मोकळा, ही साधी ॲलर्जी आहे, होते कधीकधी, असं म्हणून त्यांनी इंजेक्शन लिहून दिलं.

"मला वाटलं, नेहमीचं पित्त," मी म्हटलं.

"असेलही," त्या म्हणाल्या. "पण रक्त चालू असताना ते आम्ही ठरवायचं. तुम्ही फक्त सांगायचं."

गांध्या बसल्यावर त्याच पिशवीतलं उरलेलं रक्त आणखी हळू सोडलं. पुन्हा काही झालं नाही. दुसरी पिशवी चालू असताना मला डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना आरशात ओठ गुलाबी दिसले. कितीतरी महिन्यांनी तळपाय उबदार होते. नाश्त्याला आलेलं मसुराचं सूप मी वाटी तिरकी करून संपवलं, आणि शेजारच्या बाईंनी पुढे केलेली बिस्किटंही. अरबीत "शुक्रन" म्हणून आभार मानले तर त्यांनी हातानंच 'असू दे' केलं.

घरी सोडताना सिस्टरनं बजावलं: ताप आला, लघवी लाल झाली, धाप लागली तर फोन करत बसू नका, सरळ या. तसं काही झालं नाही. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या आणि हिवाळ्यात गाठींचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्याआधी एका शुक्रवारच्या सुट्टीत आम्ही समुद्रकाठी खैरानला गेलो होतो. ओल्या वाळूवरून मी भराभर पुढे निघाले, तर नवरा मागून ओरडला, "अगं, जरा दमानं!"

मी थांबले नाही. शेवटी तोच पळत आला.