गुणाजीच्या टाचा

गुणाजी पाटलांचा जन्म ठाण्याच्या खाडीकाठचा. वयाच्या अकराव्या वर्षी ते वडिलांबरोबर मिठागरात चिखल तुडवायला उतरले आणि आगर बंद पडेपर्यंत तुडवतच राहिले. मग खाडीकाठच्या जमिनीवर इमारती उठल्या, मुलाने, म्हणजे सुदेशने, मोठी गाडी घेतली आणि गुणाजी वर्तकनगरात सातव्या मजल्यावर जाऊन बसले. अक्षरशः बसले. घरातली फरशी इतकी गुळगुळीत होती की सून त्यांना चालतानासुद्धा "बाबा, हळू" म्हणायची. ज्या माणसाने उभा जन्म चिखलात तोल सांभाळला, त्याला हे ऐकावं लागत होतं!

समोरच्या फ्लॅटमधल्या ॲग्नेस टीचर निवृत्त शिक्षिका. त्यांच्या चर्चचा गट दर मे महिन्यात खडवलीच्या पलीकडे एका कातकरी पाड्यावर श्रमदानाला जायचा. गुणाजींचा उतरलेला चेहरा पाहून त्या एकदा म्हणाल्या, "काका, आम्ही मिशनला चाललोय. चार दिवस चला की आमच्याबरोबर."

"कनची मिशन? खोदाची का?"

टीचर हसल्या आणि "हो, खोदायचंही आहेच," म्हणाल्या. आता आमच्याकडे जुनी माणसं पिठाच्या गिरणीपासून जेसीबीपर्यंत सगळ्यालाच मिशन म्हणतात, हे टीचरना कुठून ठाऊक असणार? गुणाजींना वाटलं, मोठं यंत्र चालताना बघायला मिळेल. सुदेश कुरकुरला, "चर्चवाल्यांबरोबर तुम्ही काय करणार?" गुणाजींनी पिशवी भरली.

गंमत अशी, की पाड्यावरही तीच गडबड झाली होती. यंदा गटाबरोबर मिशन, म्हणजे यंत्र, येणार म्हणून बायकामाणसं वाटेवर उभी होती आणि बसमधून उतरली टोप्या घातलेली तीस माणसं, गिटार आणि बिस्किटांचे खोके. पाड्यातली रखमाबाई, साठीची, काटक, सरळ गुणाजींपाशी आली.

"दादा, मिशन कुठंय?"

"मी पन तीच बघाया आलोय, बाय."

मग तिने त्यांना तळं दाखवलं. मागच्या वर्षी याच गटाने ते खोदलं होतं आणि तळाला प्लास्टिक अंथरलं होतं. शेळ्यांचे खूर आणि खेकडे यांनी त्याची चाळण केली आणि नवरात्रातच तळं कोरडं पडलं. दिवाळी झाली की पाड्यावर पाणी नसतं, वीटभट्टीचा टेम्पो येतो आणि सगळी बिऱ्हाडं त्यात चढतात. रखमाबाईची नात ऐश्वर्या तीन वर्षं शाळेत जातेय, पण एकदाही दिवाळीनंतरचं पुस्तक तिने उघडलेलं नाही. "यंदा पानी ऱ्हायलं तर आमी ऱ्हाऊ," रखमाबाई म्हणाली. "नायतर टेम्पो हायेच."

गटातल्या इंजिनिअरने यंदा जाड प्लास्टिक आणलं होतं. गुणाजींनी त्यावर एक नजर टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा शिकल्यासवरल्या माणसाला अडवलं. "ते गुंडालून ठेवा. आमचं आगर काय प्लास्टिकवर उभं व्हतं?"

"मग काय वापरायचं, काका?"

गुणाजींनी चपला काढल्या आणि पाय पुढे केला. "ही मिशन हाय ना!"

सगळे हसले, पण टीचर हसल्या नाहीत. त्यांनी इंजिनिअरला बाजूला घेतलं आणि प्लास्टिक बसमध्ये परत गेलं.

आता मात्र गुणाजी तळ्यात उतरले. तळातली माती त्यांनी बोटावर घेऊन जिभेला लावली. अळणी! जन्मभर त्यांनी खाऱ्या चिखलाशी व्यवहार केला होता. या गोड्या मातीची त्यांना काडीची ओळख नव्हती. त्यांचा पडलेला चेहरा रखमाबाईने पाहिला. ती खाली ओढ्यावर गेली, ओंजळभर पिवळट माती घेऊन आली आणि तळव्यांमध्ये वळून तिची सुतळीएवढी वात केली. वात तुटली नाही. भट्टीवर वीस वर्षं विटांचा गारा तुडवलेली बाई ती, तिला माती कळत होती.

मग चार दिवस नुसती धमाल चालली. ओढ्याची माती वाहून आणायची, भिजवायची, वीतभर थर पसरायचा, पायाला चिकटेनाशी झाली की खांद्याला खांदा लावून मागे मागे सरकत टाचांनी ती दाबायची. एका टाचेच्या खुणेवर दुसरी टाच पडलीच पाहिजे. चर्चची पोरं गिटारच्या तालावर पाय आपटायला लागली तेव्हा गुणाजी खवळले, "नाचू नका रे! वजन टाका, वजन!" मग रखमाबाईने पाड्यावरचं एक संथ गाणं धरलं. शब्द कुणाला कळेनात, पण साठ-सत्तर टाचा एकदम पडू लागल्या. टीचरही साडी खोचून रांगेत होत्या. वाळून भेगा पडल्या की पुन्हा भिजवायचं, पुन्हा तुडवायचं. निघताना तळ पाटीसारखा सपाट झाला होता. धरेल की नाही, हे मात्र पावसाळा सरल्यावरच कळणार होतं.

पावसाळाभर गुणाजींचं जेवणात लक्ष नव्हतं. आपल्या शब्दावर तीस माणसं राबली, एक पाडा आस लावून बसला. पाणी गेलं तर? फोन करायची त्यांची हिंमत होईना. दिवाळी होऊन पंधरवडा गेला तसे ते एका सकाळी कुणाला न सांगता खडवलीला उतरले.

पाड्यावर चिटपाखरू नव्हतं. कुडाच्या दारांना काथ्याच्या दोऱ्या बांधलेल्या. टेम्पो येऊन गेला होता तर! तरी तळ्याला तोंड दाखवायला म्हणून गुणाजी चढ चढून वर गेले.

तळं काठोकाठ नव्हतं, पण पुरुषभर पाणी त्यात निवांत उभं होतं. सगळा पाडा काठावर होता. बायका हंडे भरत होत्या, म्हातारे उगाचच बघत बसले होते. गुणाजींच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढं पाणी त्यांनी खाडीत रोज पाहिलं होतं, पण ते खाडीचं होतं. हे टाचांनी धरून ठेवलेलं होतं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

रखमाबाई हंडा खाली ठेवून आली. "परवा टेम्पो आलता, दादा. रिकामा गेला."

"आनि ऐश्वर्या?"

"साळंत."

गुणाजी काठावर बसले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले. आगरात असताना त्यांनी पन्नास वर्षं रोज सकाळी सूर्याला एकच मागणं घातलं होतं, की चांगला ताप, पाणी आटव, मीठ पडू दे. आता ऊन चढलं, पाणी लखलखायला लागलं, तसे ते कपाळावर हात धरून वर बघत पुटपुटले, "जरा दमानं रं बाबा."