शकूच्या हातातलं तबक

"ए पोरी, तबक खाली ठेवायला कोणी सांगितलं?" बाईसाहेब म्हणाल्या. "तुझा बाप दरबारात चार-चार तास उभा राहायचा. तुला घटकाभर जमेना?"

जाजमावरची पोरं हसली. त्यांच्या आया हसल्या. दाराशी उभा असलेला मीही हसलो.

शकू माझी मुलगी. पाच वर्षांची. तिने माझ्याकडे बघितलं आणि तबक उचललं.

ते हसू अजून माझ्या तोंडात आहे. थुंकून जात नाही.

आम्ही हुजरे. ग्वाल्हेरच्या दरबारात पानसुपारीचं तबक धरायचं काम माझ्या आज्याचं, बापाचं, मग माझं. रियासत विलीन झाली, मध्य भारत नावाचं राज्य झालं, दरबार उठला. एका सरदारांच्या शब्दावर मला शहराच्या लष्कर भागातल्या वाचनालयात चपराशी ठेवलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे बाईसाहेब, तिथल्या कमिटीवर. त्यांनी लहान मुलांसाठी एक खोली उघडली. पाण्याची परात, लोहचुंबक, भिंगं, ठोकळे. पोरांनी खेळता खेळता विज्ञान शिकावं म्हणून. दारावर पाटी: 'सर्व बालकांसाठी'.

पण पोरं जाजमावर बसायची ती बापांच्या दरबारातल्या मानाप्रमाणे. दरबार गेला, क्रम राहिला. कोणत्या घराण्याचं पोर कुठे, हे तोंडपाठ असणारा माणूस लागायचा. तो मी. अन् आमच्यासारख्यांच्या पोरांनी तबकातून वस्तू पुरवायच्या. उभं राहून.

त्या दिवशी परातीत संत्रं तरंगत होतं. सोलून टाकलं तर बुडालं. पोरं ओरडली. शकूला ते जवळून बघायचं होतं. तिने तबक ठेवलं आणि पाण्यात बोट घातलं. एवढाच गुन्हा.

आता सांगतो ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

घरी आल्या आल्या मी शकूच्या हातात पाण्याने भरलेली थाळी दिली. "कोपरं अंगाला. नजर खाली." पाणी सांडलं की मनगटावर लाकडी पट्टीचा फटका. माझ्या बापाने मला असंच तयार केलं होतं. बायको म्हणाली, "अहो, बच्ची आहे ती. छोड़ो ना." मी म्हणालो, "इज्जतीचा सवाल आहे."

कोणाची इज्जत? थू.

महिनाभरात तिच्या हातून थेंब सांडेना. मला अभिमान वाटला. हेही लिहून ठेवतो.

मग राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली. वाचनालय सरकारकडे जाणार म्हणून थाटीपूरच्या सरकारी कचेरीतून एक साहेब तपासणीला आले. त्या दिवशी बाईसाहेबांनी शकूला जाजमावर बसवलं. पहिल्यांदाच. तेही मधोमध, सरदारांच्या नातवाशेजारी.

साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले. "बिटिया, यहाँ आकर क्या सीखा?"

शकू उठून उभी राहिली. कोपरं अंगाला. नजर खाली.

"थाली सीधी पकड़ना," ती म्हणाली. "अब पानी नहीं गिरता."

साहेबांनी बाईसाहेबांकडे पाहिलं. वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले.

बाईसाहेबांनी तबक शकूपुढे धरलं आणि मला म्हणाल्या, "घरी नेऊन समज दे हिला. नीट."

शकूने हात पुढे केले. आपोआप. ते हात बघून मला बाईसाहेबांची नाही, माझी किळस आली. मी मधे गेलो. तबक बाईसाहेबांच्याच हातात दाबलं.

"आता तुम्ही धरा."

त्यांना क्षणभरही जमलं नाही. भिंगं, चुंबक, सगळं जाजमावर.

नोकरी गेली. गल्लीत वाहवा झाली. "दादा, क्या जवाब दिया!" मी ती वाहवा इतकी वर्षं खाल्ली. थाळी बाईसाहेबांनी शिकवली असं सगळ्यांना वाटलं. मी वाटू दिलं. ती माझ्या घरातली होती, पट्टी माझ्या हातात होती.

शकू आता लग्नाची झाली. अजून पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरते. कोपरं अंगाला. तिची माफी मी मागणार नाही. मागितली, तर ती माफीही तिलाच थाळीसारखी सांभाळत बसावी लागेल.

आमच्या गल्लीत अजून चार घरी पोरांना थाळी देऊन उभं करतात. संस्कार म्हणतात. हा कागद मी त्या चारही दारांत वाचणार आहे, माझ्या नावासकट, शकूच्या देखत. आणि वाचून झाल्यावर थाळी पोराच्या हातात दिसली, तर तिथेच, त्याच्या बापासमोर, पालथी करणार आहे.